डेबियन १२ वर थांबायचं की १३ वर जायचं? मशीन पाहून ठरवा

डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती १३, म्हणजे 'ट्रिक्सी', ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. त्याआधी १० जून २०२३ पासून स्थिर आवृत्तीची जागा डेबियन १२, म्हणजे 'बुकवर्म'कडे होती. ती आता 'ओल्डस्टेबल', म्हणजे मागची स्थिर आवृत्ती, झाली आहे. नवी आवृत्ती आली की 'अपग्रेड करू का?' हा प्रश्न हमखास येतो. पण विचारणाऱ्याकडे सहसा एकच मशीन नसतं. घरी लॅपटॉप असतो, ऑफिसात फाइल सर्व्हर किंवा मेल सर्व्हर असतो आणि कुठेतरी पंधरा वर्षं जुना, अजून धडधाकट असलेला डेस्कटॉप असतो. या तिघांना एकच उत्तर देणं चुकीचं ठरेल, म्हणून दोन्ही आवृत्त्या समोरासमोर ठेवून मशीनगणिक बोलतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नव्याने इन्स्टॉल करत असाल तर १३ घ्या, त्यात दुसरा विचार नको. ६४-बिट लॅपटॉप किंवा डेस्कटॉपवर १२ चालू असेल तर सवड काढून १३ वर जा. सर्व्हर असेल तर त्यावर कोणत्या सेवा चालतात ते पाहून, चाचणी घेऊन जा. प्रोसेसरच ३२-बिट असेल तर १२ वरच राहा, १३ च्या वाटेला जाऊ नका.

किती दिवस आधार मिळणार

निर्णयाचा पाया इथे आहे. डेबियनच्या प्रत्येक स्थिर आवृत्तीला साधारण तीन वर्षं पूर्ण आधार मिळतो आणि त्यानंतर जवळपास दोन वर्षं दीर्घकालीन आधार, म्हणजे एलटीएस. १२ चा पूर्ण आधार १० जून २०२६ पर्यंत आणि एलटीएस ३० जून २०२८ पर्यंत आहे. १३ साठी याच तारखा ९ ऑगस्ट २०२८ आणि ३० जून २०३० अशा आहेत.

एलटीएस म्हणजे तोच आधार पुढे चालू, असं अनेक जण धरून चालतात. तसं नसतं. एलटीएसचं काम वेगळी टीम पाहते, ते मोजक्या प्रोसेसर-प्रकारांपुरतं असतं आणि काही पॅकेजेस, म्हणजे डेबियनमधून बसवायचे तयार प्रोग्राम, त्यातून वगळली जातात. सर्व्हर बदलायला वेळ मिळावा म्हणून एलटीएस उत्तम आहे. रोजच्या वापराच्या लॅपटॉपसाठी त्यावर विसंबून राहायला मी सांगणार नाही.

| बाब | डेबियन १२ | डेबियन १३ |
|---|---|---|
| लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) | ६.१ | ६.१२ |
| नोम (डेस्कटॉप) | ४३ | ४८ |
| केडीई प्लाझ्मा (डेस्कटॉप) | ५.२७ | ६.३ |
| एक्सएफसीई (डेस्कटॉप) | ४.१८ | ४.२० |
| लिबरऑफिस | ७.४ | २५.२ |
| पायथन | ३.११ | ३.१३ |
| पीएचपी | ८.२ | ८.४ |
| पोस्टग्रेस (डेटाबेस) | १५ | १७ |
| मारियाडीबी (डेटाबेस) | १०.११ | ११.८ |
| ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) | ३.० | ३.५ |
| ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर | आहे | नाही |

लिबरऑफिसचा आकडा सातवरून एकदम पंचवीसवर गेलेला पाहून दचकू नका. २०२४ पासून त्यांनी वर्ष आणि महिना जोडून आवृत्तीचा क्रमांक द्यायला सुरुवात केली, त्यामुळे २५.२ म्हणजे फेब्रुवारी २०२५ ची आवृत्ती.

लॅपटॉप कधीचा आहे?

डेस्कटॉप वापरणाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारावा. १२ चा कर्नल ६.१ डिसेंबर २०२२ मधला आहे. त्यानंतर बाजारात आलेलं हार्डवेअर त्याला मुळात ठाऊकच नाही. इंटेलचे पहिले 'कोअर अल्ट्रा' प्रोसेसर डिसेंबर २०२३ मध्ये आले आणि 'कोअर अल्ट्रा २०० व्ही' मालिका सप्टेंबर २०२४ मध्ये. अशा लॅपटॉपवर १२ टाकलं तर स्क्रीन जेमतेम चालते, व्हिडिओ पाहताना सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा गरगरत राहतो. कधी वायफाय कार्ड दिसतच नाही. १३ चा ६.१२ कर्नल नोव्हेंबर २०२४ मधला आहे. सोबत ग्राफिक्ससाठी लागणारं मेसा २२.३ वरून २५.० वर आलं आहे. २०२३ नंतर घेतलेल्या लॅपटॉपसाठी एवढंच कारण पुरेसं आहे.

१२ वर राहूनही बॅकपोर्ट्समधून, म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजेसच्या साठ्यातून, ६.१२ कर्नल घेता येतो, हे खरं आहे. मात्र कर्नल आणला की फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) आणा, मग ग्राफिक्सची पॅकेजेस पाहा, अशी मालिका सुरू होते. शिवाय बॅकपोर्ट्समधल्या पॅकेजेसची जबाबदारी डेबियनच्या सुरक्षा टीमकडे नसते, ती ज्याने पॅकेज केलं त्याच्याकडे असते. एखाद्या महिन्याची सोय म्हणून ते ठीक आहे. वर्षभर त्यावरच काढायचं असेल तर सरळ १३ घ्यावं.

एनव्हिडियावाल्यांसाठी वेगळं सांगतो. त्यांचा मूळ ड्रायव्हर १२ मध्ये ५३५ मालिकेचा आहे, १३ मध्ये ५५० मालिकेचा. आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतची कार्डं दोन्हीकडे चालतात. ५० मालिकेच्या कार्डाला त्याहून नवा ड्रायव्हर लागतो, त्यामुळे केवळ त्या कार्डासाठी १३ वर जात असाल तर काम अर्धवटच होईल.

लॅपटॉप २०२२ किंवा त्याआधीचा असेल आणि १२ वर सगळं सुरळीत चालत असेल, तर कर्नलमुळे रोजच्या वापरात मोठा फरक जाणवणार नाही. तिथे घाई नाही. पण 'जुनं म्हणजे आपोआप सुरक्षित' हेही मनातून काढून टाका. डिसेंबर २०२३ मध्ये १२.३ ही दुरुस्ती-आवृत्ती येणार होती. तिच्यातल्या ६.१.६४ कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइल सिस्टिममधला डेटा बिघडवणारा दोष सापडला. डेबियनने १२.३ च्या प्रतिमा थांबवल्या आणि १० डिसेंबरला दुरुस्त कर्नलसह थेट १२.४ दिली. स्थिर आवृत्तीतही असं होऊ शकतं. डेबियनचा भरवसा चुका होत नाहीत म्हणून नाही, त्या झाल्यावर ही मंडळी ज्या तातडीने आणि उघडपणे वागतात त्यामुळे आहे. तो भरवसा दोन्ही आवृत्त्यांना सारखाच लागू होतो.

३२-बिटचा प्रश्न

१३ मधला सर्वांत कठोर बदल हाच आहे. ३२-बिट पीसीसाठी ना कर्नल, ना इन्स्टॉलर. 'आय३८६' नावाची ३२-बिट पॅकेजेस अजून आहेत, पण ती ६४-बिट प्रोसेसरवर जुने ३२-बिट प्रोग्राम चालवण्यापुरती: विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइनमधलं जुनं सॉफ्टवेअर, स्टीमवरचे जुने गेम वगैरे. आय३८६ प्रकारचं १२ बसवलेलं असेल तर ते चढवून १३ करू नका, असं डेबियननेच स्पष्ट सांगितलं आहे.

निराश होण्याआधी मात्र एक गोष्ट तपासा. टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' ही आज्ञा चालवा आणि प्रोसेसर कोणत्या पद्धतींत चालू शकतो ते सांगणारी, वरून दुसरी ओळ वाचा. तिथे ३२ सोबत ६४ लिहिलेलं असेल तर प्रोसेसर ६४-बिट आहे आणि त्यावर फक्त सिस्टिम ३२-बिट बसवलेली आहे. असं फार ठिकाणी असतं, कारण एके काळी 'रॅम कमी आहे, ३२-बिट टाक' हाच सल्ला सर्रास दिला जायचा. २००६ पासूनचे कोअर टू ड्युओ ६४-बिट आहेत. अशा मशीनवर डेटा बाहेर काढून १३ ची ६४-बिट आवृत्ती नव्याने बसवा. रॅम २ जीबीच असेल तर नोम नको, एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी असा हलका डेस्कटॉप घ्या. ब्राउझरचे दोन-चार टॅब उघडून काम भागेल, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

प्रोसेसर खरोखरच ३२-बिट असेल, उदाहरणार्थ २००८ च्या सुमाराच्या नेटबुकांमधला ॲटम एन२७०, तर तुमच्यासाठी १२ ही डेबियनची शेवटची आवृत्ती आहे. ती चालू ठेवा, पण बँकेचे व्यवहार आणि मुख्य ईमेल हळूहळू दुसऱ्या मशीनवर न्या.

याच्याशीच जोडलेली एक मोठी गोष्ट १३ मध्ये झाली आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ३२-बिट यंत्रणा वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात आणि तो आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो. पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१ सालात जाऊन पडेल. १३ मध्ये आय३८६ सोडून डेबियनच्या सर्व प्रोसेसर-प्रकारांत वेळेसाठी ६४-बिट आकडा वापरला आहे. आय३८६ वगळण्याचं कारण असं की तो प्रकार जुन्या बायनरी प्रोग्रामसाठीच ठेवला आहे आणि वेळेचा आकडा बदलला की नेमके तेच प्रोग्राम चालेनासे होतात. बाकीच्यांसाठी असंख्य लायब्ररी नव्याने बांधाव्या लागल्या. आज डोळ्यांना काहीच दिसणार नाही असं हे काम आहे, तेही तेरा वर्षं आधी आणि बहुतांशी स्वयंसेवकांनी केलेलं. एआरएम प्रोसेसरच्या ३२-बिट बोर्डावर एखादं यंत्र, मोजमापाची पेटी किंवा दाराचं कुलूप चालवणाऱ्यांसाठी १३ वर जायचं हे ठोस कारण आहे.

'एआरएमईएल' या जुन्या एआरएम प्रकारासाठी मात्र १३ ही शेवटची आवृत्ती आहे. दुसरीकडे रिस्क-व्ही हा प्रोसेसर-प्रकार, म्हणजे 'रिस्क-व्ही ६४', पहिल्यांदाच अधिकृत यादीत आला.

डेस्कटॉप: काय बदललेलं दिसेल

नोममध्ये ४३ ते ४८ अशा पाच आवृत्त्यांचं अंतर एका उडीत पार होतं. डाव्या कोपऱ्यातल्या 'ॲक्टिव्हिटीज' शब्दाच्या जागी आता कार्यक्षेत्रं दाखवणारे ठिपके आहेत. फाइल निवडण्याच्या खिडकीत चित्रांची छोटी रूपं दिसतात. फोटो अपलोड करताना नावांच्या यादीतून अंदाज बांधणाऱ्यांना किती वर्षं याची वाट पाहावी लागली! एकाच ॲपच्या सूचना आता एकत्र रचल्या जातात. मला सर्वांत उपयोगी वाटली ती बॅटरीची सोय: पॉवरच्या सेटिंगमध्ये चार्जिंग साधारण ८० टक्क्यांवर थांबवण्याचा पर्याय आहे. लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच लावून काम करणाऱ्यांची बॅटरी त्यामुळे जास्त टिकते. ही सोय हार्डवेअरवर अवलंबून आहे, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवर पर्याय दिसला नाही तर तिथे ती सोय नाही असं समजा.

एक्सएफसीईवाल्यांना फारसं काही वेगळं जाणवणार नाही आणि त्यांना तेच हवं असतं. ४.२० मध्ये वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेची तयारी प्रायोगिक आहे, रोजचं काम एक्स११ या जुन्या यंत्रणेवरच चालतं.

खरा बदल केडीईत आहे. प्लाझ्मा ५.२७ वरून ६.३ वर जाताना खालची क्यूटी लायब्ररी पाचवरून सहावर जाते आणि लॉगिनचं ठरलेलं सत्र एक्स११ ऐवजी वेलँड होतं. स्क्रीन १२५ किंवा १५० टक्के मोठी करून वापरणाऱ्यांना १३ मध्ये अक्षरं स्पष्ट दिसतील. फाइल उघडायला आता दोनदा क्लिक करावं लागतं. नको असेल तर सेटिंगमधून ते जुन्या पद्धतीवर नेता येतं. जुन्या प्लाझ्मासाठीचे बाहेरचे विजेट आणि थीम बहुतेक चालणार नाहीत.

मराठी टाइप करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. आयबस आणि एम१७एन या टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जोडीवर इनस्क्रिप्टपासून गमभनपर्यंतच्या पद्धती मिळतात, त्या दोन्ही आवृत्त्यांत आहेत. नोममध्ये त्या कीबोर्डच्या सेटिंगमधून जोडायच्या आणि सुपर-स्पेस दाबून बदलायच्या, हे १३ मध्येही तसंच आहे. केडीईत मात्र अपग्रेडनंतर पहिल्यांदा लॉगिन केलं की मराठी कीबोर्ड गेला असं वाटू शकतं. एक्स११ मध्ये आयबस स्वतःच सुरू होऊन सगळ्या खिडक्यांना अक्षरं पुरवत असे. वेलँडमध्ये ते काम खिडक्या सांभाळणाऱ्या केविन या भागामार्फत होतं. त्यामुळे सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात 'व्हर्च्युअल कीबोर्ड' या पानावर जाऊन 'आयबस वेलँड' किंवा 'एफसीआयटीएक्स ५' निवडावं लागतं. पानाचं नाव दिशाभूल करणारं आहे. स्क्रीनवरच्या कीबोर्डशी आपला काही संबंध नाही असं वाटून माणूस तिथे जातच नाही. ते निवडून बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं की मराठी परत येते. डीटीपी करणाऱ्या किंवा भाषांतराचं काम करणाऱ्या कुणाचं मशीन चढवणार असाल, तर ही एक गोष्ट त्यांच्यासमोर बसून करून द्या. एक्स११ चं सत्रही अजून आहे, अगदीच अडलं तर लॉगिनच्या पडद्यावरून ते निवडता येतं.

जिथे फरक नाही

फायरफॉक्ससाठी अपग्रेड करायची गरज नाही. डेबियनमध्ये फायरफॉक्सची ईएसआर, म्हणजे दीर्घ आधाराची, आवृत्ती असते आणि ती सुरक्षा अपडेटमधून १२ आणि १३ दोन्हींना मिळते. क्रोमियमचंही तसंच. डेबियनबाहेरून ॲप्स आणणाऱ्या फ्लॅटपॅकमधून घेतलेली ॲप्स दोन्हीकडे सारखीच नवी असतात. वायफाय वगैरेंचं मालकीहक्काचं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये देण्याचा मोठा निर्णय १२ च्या वेळीच अमलात आला, १३ ने तो फक्त पुढे चालवला. म्हणजे 'जुन्या डेबियनवर सगळं शिळं असतं' ही तक्रार डेस्कटॉपवर आता अर्धीच खरी आहे. फोटो-संपादनाच्या जिंपसारखी ॲप्स अपवाद आहेत: १३ मध्ये जिंप ३.० आहे आणि फोटोवर केलेले परिणाम नंतर बदलण्याची सोय त्यात आहे, जी २.१० मध्ये नव्हती.

न सांगता बदलणाऱ्या गोष्टी

अपग्रेडमध्ये त्रास होतो तो मोठ्या जाहीर बदलांनी क्वचितच. दोन-तीन लहान गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा टेंप फोल्डर. १३ मध्ये तो डिस्कवर नसून रॅममध्ये असतो, आणि १२ वरून चढवलेल्या मशीनवरही पुढच्या रीबूटपासून हेच लागू होतं. त्याची कमाल मर्यादा रॅमच्या निम्मी. तुमच्याकडे ८ जीबी रॅम असेल तर टेंपमध्ये ४ जीबी मावतात. आता एखादं व्हिडिओ-संपादनाचं ॲप किंवा बॅकअपची स्क्रिप्ट ६ जीबीची तात्पुरती फाइल तिथे बनवू लागली, की डिस्कवर दोनशे जीबी मोकळे असतानाही 'जागा शिल्लक नाही' असा संदेश येतो. कारण माहीत नसेल तर माणूस डिस्क साफ करत बसतो. उपाय सोपा आहे: सिस्टिमसीटीएलने 'टीएमपी डॉट माउंट' हे युनिट मास्क करा, म्हणजे बंद करून टाका, आणि रीबूट करा, टेंप पुन्हा डिस्कवर येतो. रॅम १६ जीबी किंवा जास्त असेल तर नवी पद्धतच ठेवा, ती वेगवान आहे आणि एसएसडीवरचं लिखाणही कमी करते. नव्या इन्स्टॉलमध्ये आणखी एक भर आहे: टेंपमधल्या दहा दिवसांहून जुन्या आणि 'व्हार' मधल्या टेंपमधल्या तीस दिवसांहून जुन्या फाइली आपोआप पुसल्या जातात. चढवलेल्या मशीनवर ही साफसफाई लागू होत नाही. टेंपमध्ये फाइली साठवायची सवय असेल तर नव्या इन्स्टॉलच्या आधीच ती मोडा.

दुसरी गोष्ट सर्व्हरवाल्यांची. 'ईटीसी' या सेटिंग्जच्या फोल्डरमधली 'सिस्टसीटीएल डॉट कॉन्फ' ही फाइल १३ मध्ये बूट होताना वाचलीच जात नाही. नेटवर्क फॉरवर्डिंग किंवा मेमरीची सेटिंग्ज वर्षानुवर्षं तिथेच लिहिलेली असतात. अपग्रेडनंतर त्रुटीचा संदेश येत नाही, सेटिंग फक्त लागू होत नाही. व्हीपीएन किंवा राउटरचं काम करणाऱ्या मशीनवर त्याचा अर्थ असा की सगळं चालू दिसतं आणि पलीकडच्यांचं इंटरनेट मात्र बंद पडलेलं असतं. त्या ओळी 'सिस्टसीटीएल डॉट डी' या फोल्डरमध्ये नव्या फाइलीत आधीच हलवून ठेवा. हे काम १२ वर असतानाच करता येतं.

तिसरी: कोण कधी लॉगिन झालं ते सांगणारी 'लास्ट' ही आज्ञा नेहमीच्या पॅकेजमधून गेली आहे. तिच्यासाठी 'डब्ल्यूटीएमपीडीबी' वेगळं बसवावं लागतं. त्यावर ऑडिटचा अहवाल बनवत असाल तर लक्षात ठेवा.

सर्व्हर

इथे आवृत्तीपेक्षा सेवा महत्त्वाची. फक्त फाइली वाटणारा सांबा सर्व्हर किंवा साधी स्थिर वेबसाइट दाखवणारा एनजिनएक्स असेल तर १३ वर जाणं एका संध्याकाळचं काम आहे. मेल सर्व्हरवर मेलबॉक्स सांभाळणारं डव्हकॉट असेल तर चित्र वेगळं. डव्हकॉट २.३ वरून २.४ वर जाताना कॉन्फिगरेशनची मांडणीच बदलली आहे. जुनी फाइल नव्या आवृत्तीला चालत नाही आणि मेलबॉक्स उघडत नाहीत. वेगळ्या मशीनवर नवी कॉन्फिगरेशन लिहून, चालवून पाहिल्याशिवाय मेल सर्व्हरला हात लावू नका. त्यासाठी १२ वर आणखी काही महिने थांबणं मला पूर्ण समर्थनीय वाटतं.

पोस्टग्रेस सौम्य आहे. अपग्रेडनंतर १५ जागच्या जागी चालू राहतं आणि १७ शेजारी बसतं. सवडीने 'पीजी अपग्रेडक्लस्टर' चालवून डेटा हलवायचा. फक्त जीलिबसी ही सिस्टिमची मूळ लायब्ररी २.३६ वरून २.४१ वर गेल्यामुळे मजकुराच्या क्रमवारीची आवृत्ती बदलते आणि पोस्टग्रेस तशी सूचना देतं. ती दुर्लक्षित करू नका, मजकुराच्या रकान्यांवरचे इंडेक्स पुन्हा बांधा. मराठी नावं, गावं आणि पत्ते भरलेल्या डेटाबेसलाही हे तितकंच लागू आहे. मारियाडीबी मात्र अपग्रेडच्या आधी नीट बंद झालेलं हवं. क्रॅश होऊन पडलेलं १०.११ तसंच ११.८ मध्ये ढकललं तर ते सुरू होणार नाही.

दूरच्या मशीनवर लॉगिन करण्यासाठीच्या ओपनएसएसएच १०.० मधून जुन्या डीएसए चाव्या पूर्ण गेल्या आहेत. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा एखादा स्विच किंवा राउटर फक्त डीएसए ओळखत असेल तर १३ वरून त्यात शिरता येणार नाही. त्यासाठी जुना क्लायंट वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलेला आहे. मोबदल्यात क्वांटम संगणकांपुढेही टिकेल अशी किल्ली-देवाणघेवाण आता ठरलेली पद्धत म्हणून मिळते. ओपनएसएसएल ३.५ मध्येही या नव्या पद्धती आहेत. दूरच्या डेटा सेंटरमधलं मशीन चढवत असाल तर नेटवर्क कार्डाचं नाव बदलू शकतं हे गृहीत धरा आणि कन्सोलचा प्रवेश हाताशी असल्याशिवाय रीबूट करू नका. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर 'सिस्टिमडी-क्रिप्टसेटअप' हे पॅकेज बसलं आहे ना, तेही रीबूटच्या आधीच पाहा.

प्रोग्रामरांसाठी थोडक्यात: १२ मधला रस्ट १.६३ होता, १३ मधला १.८५ आहे आणि एवढ्या अंतराने फार फरक पडतो. पायथन ३.१३ मध्ये सीजीआय, टेलनेटलिब, क्रिप्ट असे जुने मॉड्यूल काढून टाकले आहेत. ३.११ वर बांधलेली आभासी वातावरणं अपग्रेडनंतर चालणार नाहीत, ती पुसून नव्याने बांधा.

चढवायचं ठरलं तर

बॅकअप घ्या. मग १२ ला आधी तिच्या सर्वांत ताज्या दुरुस्ती-आवृत्तीवर आणा. हे औपचारिक वाटतं, पण एसएसएचवरून अपग्रेड करणाऱ्यांना ते वाचवतं: १२ मधल्या जुन्या ओपनएसएसएचसह अपग्रेड मध्येच तुटलं तर पुन्हा आत शिरता न येण्याचा धोका होता, तो १२ च्या नंतरच्या अपडेटमध्ये दुरुस्त केला आहे. बूट पार्टिशन वेगळं असेल तर ते किमान ७६८ एमबीचं आणि त्यात ३०० एमबी मोकळी जागा हवी. जुन्या मशीनवर ते २५० एमबीच्या आसपास असतं आणि नवा कर्नल त्यात मावत नाही.

बाहेरच्या रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजेसचे साठे, बंद करा आणि नंतर एकेक करून तपासून चालू करा. अशा साठ्यांच्या सही तपासण्याच्या चाव्या जोडणारी 'एपीटी-की' ही आज्ञा १३ मध्ये नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर लिहिलेल्या जुन्या सूचना आता निरुपयोगी आहेत. त्यानंतर सोर्सच्या यादीत बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी लिहून अपडेट, मग नवी पॅकेजेस न आणता साधं अपग्रेड, आणि शेवटी फुल-अपग्रेड. पॅकेजेस बसवणारं एपीटी ३.० आल्यावर पुढच्या वेळी पडदाच वेगळा दिसेल: पॅकेजेस रकान्यांत, बसणारी हिरव्या रंगात, काढली जाणारी लाल रंगात आणि अगदी शेवटी. 'होय' म्हणण्याआधी ती लाल यादी वाचा. तुमचा डेस्कटॉप किंवा डेटाबेस त्यात दिसला तर तिथेच थांबा.

डेबियनवर बांधलेल्या इतर प्रणाली वापरणाऱ्यांनी स्वतः ट्रिक्सीचे सोर्स घालू नयेत. प्रॉक्समॉक्स व्हीई ९, लिनक्स मिंटची एलएमडीई ७ आणि ऑक्टोबर २०२५ पासूनची रास्पबेरी पाय ओएस या सगळ्या १३ वरच उभ्या आहेत. त्यांची स्वतःची अपग्रेडची पद्धत आहे, तीच पाळा.

आणि अजून डेबियन ११ वर असाल तर तिथून थेट १३ वर जाण्याची सोय नाही. आधी १२ वर या, रीबूट करून सगळं चालतंय ते पाहा, मगच १३ कडे वळा. डेस्कटॉप असेल तर मी हा दुहेरी प्रवास करणार नाही: होम फोल्डरचा बॅकअप घेऊन १३ नव्याने बसवेन, वेळ कमी लागतो आणि जुन्या कॉन्फिगरेशनचा गाळही सोबत येत नाही.